खाच पाडलेला कान

१

जिला पिल्लं होणं शक्यच नव्हतं, ती कुत्री पिल्लं अडकून मेली. जनावरांच्या दवाखान्यातल्या टेबलावर, भर दुपारी, माझ्या सुनेच्या हाताखाली.

मी तिथेच होते. त्या दवाखान्यात माझी सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावरही अधूनमधून जाते, आणि सुनेला ते आवडत नाही हे मला माहीत आहे. त्या दिवशी मी दारातच होते, म्हणून इस्त्रीवाली हातगाडी ढकलत आली ते मीच आधी पाहिलं. गाडीत कपड्यांच्या गाठोड्यांवर तिची भुरी निजवलेली. जीभ बाहेर, पोट दगडासारखं.

"डॉक्टरबाई, हिला काय झालंय बघा. कालपासून कळा देतेय."

"कळा?" सून म्हणाली. "अहो, हिच्या कानाला खाच आहे."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. नगरपालिकेच्या पैशातून कुत्र्यामांजराची नसबंदी झाली, की ते गुंगीत असतानाच कानाला एक खाच पाडतात. खाच लांबून दिसते. दिसली की समजायचं, याचं काम झालंय, याला पुन्हा पकडू नका. भुरी टेबलावर डाव्या कुशीवर पडली होती आणि वरच्या कानाची ती खाच आम्हा सगळ्यांकडे डोळे फाडून बघत होती.

सुनेने पोट उघडलं. आत गर्भाची पिशवी जागच्या जागी होती, आणि पिशवीत मेलेली पिल्लं. भुरी गुंगीतच गेली. एवढं तरी सुख तिला मिळालं.

इस्त्रीवाली रडली नाही. तिने ब्लाउजमधून घडी घातलेलं कार्ड काढलं आणि सुनेसमोर धरलं.

"इथे लिहिलंय ना ऑपरेशन झालं म्हणून? सही तुमचीच ना? मी हिला कुत्री पकडणाऱ्या संस्थेच्या गाडीत बसवलं, दुसऱ्या दिवशी परत आणून दिलं. तुम्ही नक्की कापलं काय होतं?"

सुनेने सही पाहिली. सही तिचीच होती.

२

दोन दिवसांत तिला घरी बसवलं. पालिकेच्या आरोग्य समितीच्या सभापतींनी जाहीर केलं की नसबंदीच्या नावाखाली पैसे खाल्ले गेले आहेत, गुरुवारच्या सभेत योजना कायमची बंद होईल आणि डॉक्टरीणबाईंचा परवाना रद्द करण्याची शिफारस जाईल.

मला एवढा राग आला की हातातला चष्मा मी टेबलावर आपटला. ही योजना काय आभाळातून पडली होती? तिच्याआधी या गावात कुत्र्यांना विष घालायचे. सकाळी शाळेत जाणारी मुलं रस्त्यावर ती ताठ झालेली शरीरं ओलांडून जायची. मी आणि माझी एक मैत्रीण, आम्ही दोघी पालिकेच्या पायऱ्यांवर बसून राहिलो, हाकललं की पुन्हा येऊन बसलो. शेवटी कंटाळून त्यांनी पहिली रक्कम मंजूर केली. मैत्रिणीने जनावरं पकडून आणायला संस्था काढली, मी सुरी धरली.

"तुम्हालाही वाटतं का मी केलं?" सुनेने स्वयंपाकघरातून विचारलं. भांडी जरा जास्तच आवाज करत होती.

"तू चोरी केलीस असं मला वाटत नाही. पण तुझी सही आली कुठून?"

आवाज थांबला.

"मी कोऱ्या कार्डांवर सह्या करून गठ्ठा ठेवते, संस्थेचे गाडीवाले त्यातून नेतात. दिवसभर हात रक्तात असतात, आई. सही करायला हातमोजे कितीदा काढू?"

"माझेही हात रक्तातच असायचे."

"हो, तुमच्या वेळी सगळं छानच होतं. माहितीये मला."

यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण मी ते गिळलं. भांडण नंतरही करता आलं असतं. गुरुवार पुढे ढकलता येणार नव्हता.

"मला एक सांग. प्रत्येक जनावरामागे संस्थेला पैसे मिळतात, ते बरण्या मोजून. बरोबर?"

ती पद्धत मीच घालून दिली होती. ऑपरेशन झालं की काढलेली पिशवी फॉर्मलिनच्या बरणीत टाकायची. आमचा कंपाउंडर बरण्या भरतो, संस्थेची गाडी त्या पालिकेत पोचवते, आणि तिथे मोजणीसाहेब एकेक पिशवी मोजतात. जितक्या पिशव्या, तितकी ऑपरेशनं. कागदावर खोटं लिहिता येतं, पण पिशवी कुठून आणणार, असा माझा हिशेब.

"मोजणी कधी चुकली?"

"कधीच नाही. कार्डं आणि पिशव्या, दरवेळी तंतोतंत."

"भुरीचंही कार्ड त्यात होतं?"

"होतं."

"आणि भुरीची पिशवी तर परवा तुझ्या हातात होती."

सून ओल्या हातांनी बाहेर आली. म्हणजे बरणीत भुरीच्या नावाने जे तरंगत होतं, ते कुणाचं होतं?

३

मोजणीसाहेबांची खोली पालिकेच्या तळमजल्यावर, जिन्याखाली. आत शिरलं की फॉर्मलिनने डोळे झोंबतात. साहेब नाकाला रुमाल लावूनच बोलत होते.

"बघा, माझं रेकॉर्ड स्वच्छ आहे. एक पिशवी इकडची तिकडे नाही."

"मोजता कसं?"

"चिमट्याने उचलतो, दुसऱ्या भांड्यात टाकतो. एक, दोन, तीन."

"बघता का?"

"बघायचं काय त्यात? मोजायचं काम आहे माझं."

मी एक बरणी पुढे ओढली. त्यांनी दोन पावलं मागे जाऊन परवानगी दिली. चिमटा आत घातला आणि पहिली पिशवी वर काढली. कुत्रीची होती. कुत्रीच्या पिशवीचे दोन फाटे लांब आणि सरळ असतात, झाडाच्या बेचकीसारखे. दुसरी तशीच. तिसरी वर आली आणि माझा हात थांबला.

हिचे फाटे सरळ नव्हते. मेंढ्याच्या शिंगांसारखे आत वळलेले होते. मी कात्री मागितली, फाटा उभा चिरला. आत बटणांसारखे उंचवटे, रांगेने. असली बटणं कुत्रीत नसतात, मांजरीतही नसतात.

"साहेब, ही शेळीची आहे. नाहीतर मेंढीची."

रुमाल खाली आला. "शेळीचीसुद्धा नसबंदी करता तुम्ही?"

मी या माणसाला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. शिपाई दारात येऊन उभा राहिला, एवढं सांगते. इतकी वर्षं आम्ही ज्याला पुरावा म्हणत होतो, तो हा माणूस रुमालाआडून उचलून टाकत होता. एकदा नीट पाहिलं असतं तर भुरी जिवंत असती.

"एक विचारू?" दम संपल्यावर मी म्हटलं. "खाच कुठल्या कानाला पाडतात?"

"मला काय माहीत? कान कुठे येतात माझ्याकडे?"

तेही खरंच. निघताना त्यांनी मागून हाक मारली. आवाज पडलेला होता.

"बाई, एक ऐकलं होतं, बोलू का? तुमच्या त्या कंपाउंडरचा मेव्हणा मटणाचं दुकान चालवतो."

४

कंपाउंडर माझ्या हाताखाली शिकला. मी निवृत्त झाले तेव्हा हा माणूस भिंतीकडे तोंड करून रडला होता. आता डोक्यावर केस नाहीत, कानावर पेन तसंच आहे. मी मेव्हण्याचं विचारलं तेव्हा तो सुया उकळत होता.

"विचारलंत," तो म्हणाला. "बरं केलंत. सगळं गाव पाठीमागे बोलतंय, तुम्ही तोंडावर विचारलंत."

"मला उत्तर हवंय."

"मेव्हण्याचं आणि माझं बोलणं नाही. बायकोच्या भावाकडून मटण उधार आणलं आणि पैसे दिले नाहीत, यावरून. आता हसा."

मी हसले नाही. "बरण्या तू भरतोस. कान तू कापतोस. गाडी आली की जनावर तू उतरवून घेतोस. भुरी आली होती का इथे?"

"आली असती तर तिची पिशवी राहिली नसती."

"संस्था म्हणते, आम्ही आणून दिली, दवाखान्याने खाच पाडून परत केली."

त्याने चिमटा खाली ठेवला. "मग माझंच नाव घ्या की. मॅडमचं नका घेऊ. त्यांनी एकेका दिवशी जेवण न करता ऑपरेशनं केली आहेत. तुमच्या वेळी दोघं डॉक्टर होते, मॅडम एकट्या आहेत. हे सांगितलंय का त्यांनी तुम्हाला?"

नव्हतं सांगितलं. मीही विचारलं नव्हतं.

सगळा प्रश्न एवढाच उरला होता. भुरीचा कान कापला गेला कुठे? दवाखान्यात कापला असेल, तर हा माझ्यासमोर उभा असलेला माणूस चोर होता, आणि सून एक तर आंधळी होती किंवा भागीदार. मी कंपाउंडरला विचारलं, "खाच कशी पाडतोस, दाखव."

त्याने हवेतच दाखवलं. डाव्या हाताची दोन बोटं कानावर, उजव्या हाताने कात्री, मग तापलेली पट्टी. "झोपेतसुद्धा करीन. पण हे का विचारताय?"

मी सांगितलं नाही. पदर खोचला आणि इस्त्रीवालीच्या गल्लीत गेले. तिने मला भिंतीकडेला पोत्यावर पडलेली एक पांढरी कुत्री दाखवली. तिचीही पिल्लं नुकतीच झालेली, तिच्याही कानाला खाच. मी गुडघ्यावर बसून ती खाच नीट पाहिली, आणि तिथून थेट संस्थेच्या ऑफिसात गेले.

५

संस्थेचं ऑफिस म्हणजे माझ्या मैत्रिणीचं घर. ती जाऊन बरीच वर्षं झाली. आता तिचा मुलगा सगळं बघतो. चाळिशी उलटली, पोट सुटलं, तरी गाव त्याला सोन्याच म्हणतं.

"मावशी." तो उठून उभा राहिला. "तुम्ही कशाला आलात? मला बोलवायचं. बसा, पंखा लावतो."

माझ्या मांडीवर झोपलेला पोरगा हा. आई पायऱ्यांवर घोषणा देत असायची तेव्हा याला मी दूध पाजलं आहे.

"वहिनींचं फार वाईट वाटतं," तो म्हणाला. "मी सभापतींना सांगितलं, जरा सबुरीने घ्या. पण कार्डावर सह्या त्यांच्या. मी तरी काय करणार?"

"तुझी माणसं जनावर दवाखान्यात पोचवतात की नाही, तू बघतोस का?"

"स्वतः बघतो. आईची संस्था आहे मावशी ही."

मागच्या अंगणातून शिजणाऱ्या आतड्यांचा वास येत होता. मी नाक वर केलं तसा तो हसला.

"खाटीकखान्यातून रोज पोतं येतं. फेकून देणार ते आम्ही उचलतो. मुक्या जनावरांना तेवढंच पोटाला. पालिका तर पैसे देते देते म्हणते आणि महिनोन्‌महिने देत नाही. पगार कुठून करायचे?"

ते मात्र खरं होतं. पालिकेच्या पैशांची वाट पाहत त्याच्या आईने बांगड्या मोडलेल्या मी पाहिल्या आहेत.

मी मान वर केली. समोर, जिथे पूर्वी याचं अभ्यासाचं टेबल असायचं, तिथे भिंतीवर अजून आमचं पहिलं पोस्टर होतं. रंग उडालेला, कोपरे पिवळे. समोर बघणारा एक कुत्रा, बघणाऱ्याच्या डाव्या हाताला येणाऱ्या कानाला खाच, खाली अक्षरं: खाच असलेल्याला त्रास देऊ नका. किती दिवसांनी पाहत होते मी ते. असली पोस्टरं आम्ही दोघींनी खळ लावून रात्रंदिवस चिकटवली होती गावभर.

"आईने ते काढूच दिलं नाही," सोन्या म्हणाला. "त्याच्याखाली बसून मी पाढे पाठ केले."

मी उठून दाराकडे निघाले. मला पाणी हवं का, असं तो विचारत होता. मला त्याच्या हातचं पाणी नको होतं.

६

गुरुवारी सभागृहात सभापती, समितीचे सदस्य, मोजणीसाहेब, कंपाउंडर, सोन्या आणि सगळ्यात मागे माझी सून. इस्त्रीवाली दाराबाहेर, दोरीला ती पांढरी कुत्री धरून.

"बाई, तुम्हाला ज्येष्ठ म्हणून पाच मिनिटं देतो," सभापती म्हणाले.

"मला एकच प्रश्न विचारायचाय. सोन्या, तुझं तर बालपण यात गेलं. खाच कुठल्या कानाला पाडतात? तुझ्या स्वतःच्या कानाला हात लावून दाखव."

"बाई, ही काय शाळा आहे?"

"असती तर बरं झालं असतं. सोन्या, दाखव."

तो हसला आणि त्याने उजव्या कानाला हात लावला.

कंपाउंडरच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. सोन्याने वळून पाहिलं. कंपाउंडरचा हात डाव्या कानावर होता. मागे बसलेल्या सुनेचाही.

"डावा," मी म्हटलं. "पहिल्या दिवसापासून डावा. दवाखान्यात पडलेली प्रत्येक खाच डाव्या कानाला आहे. पण भुरी डाव्या कुशीवर पडली होती आणि खाच वरच्या कानाला होती, म्हणजे उजव्या. बाहेर उभी आहे तिलाही उजव्याच."

सोन्या अजून हसत होता, पण फक्त ओठांनी. "मावशी, उजवं-डावं माणसाकडून होतंच की."

"होतं. छापखान्याकडूनही झालं होतं. आमच्या पहिल्या पोस्टरवर चित्राचा ठसा उलटा लागला. अक्षरं सरळ, कुत्रा उलटा, खाच त्याच्या उजव्या कानाला. नवीन छापायला पैसे नव्हते. गावात लावलेल्या एकेका पोस्टरवर या कंपाउंडरने ब्रशने ती खाच बुजवली आणि दुसऱ्या कानावर काढली. एकच प्रत तशीच राहिली. तुझी आई ती आधीच घरी घेऊन गेली होती. तिला चूक माहीत होती, म्हणूनच ठेवली होती, हसायला. तू लहान होतास. तुला कुणी सांगितलं नाही."

"कंपाउंडरने मुद्दाम उजवा कान कापला असेल," एक सदस्य म्हणाले. "संशय दुसऱ्यावर जावा म्हणून."

"ज्याला खोटी खाच खरी म्हणून खपवायचीये, तो ती खऱ्यासारखीच पाडेल. वेगळी पाडून स्वतःच का पकडून देईल? खाच चुकली, कारण पाडणाऱ्याला ती बरोबर वाटत होती. मोजणीसाहेबांना कान ठाऊकच नाही. डॉक्टर आणि कंपाउंडर रोज खरे कान बघतात. भिंतीवरच्या कुत्र्यावरून कान शिकलेला माणूस या गावात एकच आहे. तो ऑपरेशनच्या खोलीत कधी शिरला नाही. त्याच्या अंगणात खाटीकखान्याचं पोतं रोज उतरतं, आणि पालिकेत येणाऱ्या बरण्या त्याच्याच गाडीतून येतात; वाटेत त्यांत काय पडतं ते कुणी बघत नाही."

मी शेळीची पिशवी मांडलेलं भांडं टेबलावर ठेवलं आणि वळलेले फाटे, आतली बटणं सदस्यांना दाखवली. मोजणीसाहेबांनी या वेळी रुमाल लावला नाही.

सोन्याने भांड्याकडे पाहिलं. मग हळू म्हणाला, "सुरुवातीला पगारापुरतंच केलं होतं, मावशी. पालिका पैसेच देत नव्हती."

"आणि पैसे आल्यावर?"

त्याच्या अंगणातली नवी गाडी मी त्या दिवशी पाहिली होती.

"आईच्या नावासाठी तरी इथे नको," तो म्हणाला.

"तुझ्या आईने पैसे नव्हते तेव्हा बांगड्या मोडल्या. तू शुद्धीत असलेल्या जनावरांचे कान कापलेस. त्यांची किंकाळी तुझ्याच अंगणात ऐकू आली असेल ना? तिचं नाव तू पुन्हा घेऊ नकोस. माझ्यासमोर तर नकोच."

माझा आवाज फुटला होता. असू दे. काही गोष्टी शांतपणे सांगायच्या नसतात.

७

सभापतींनी घसा साफ केला. सोन्यावर गुन्हा दाखल होईल. डॉक्टरीणबाईंवरची कारवाई मागे, मात्र कोऱ्या कार्डांबद्दल लेखी समज. सून उभी राहून म्हणाली, "समज योग्य आहे," आणि खाली बसली. मला ते आवडलं. तिला सांगितलं नाही अजून.

"आणि योजना," सभापती म्हणाले, "चौकशी पूर्ण होईपर्यंत स्थगित. पैसे तिजोरीत सुरक्षित राहतील."

म्हणजे तेच. चोर पकडला, आणि शिक्षा कुत्र्यांना. चौकशी म्हणजे काय ते मी या इमारतीत आयुष्यभर पाहिलं आहे. फायली सडतात, माणसं बदलतात आणि एका सकाळी पुन्हा कुणीतरी विषाचे गोळे वाटतं. मी उठणार होते, पण दारातून आवाज आला.

"साहेब," इस्त्रीवाली म्हणाली. ती कुत्रीला घेऊन आतच आली होती. "माझी भुरी गेली. पण आमच्या गल्लीत अजून आहेत असल्याच उजव्या कानाच्या. पुढच्या गल्लीतही आहेत. कान बघून मी ओळखून आणीन. त्या कधी आणू?"

सभापतींनी सचिवांकडे पाहिलं. सचिवांनी छताकडे.

"बाई, सध्या योजनाच नाही," सभापती म्हणाले.

"योजना नाही, पण कळा यायच्या थांबणार आहेत का?"

पांढऱ्या कुत्रीने सभागृहाच्या सतरंजीवर अंग टाकलं आणि तिची भरलेली आचळं सगळ्यांसमोर उघडी पडली. पुढच्या रांगेतल्या एका सदस्यबाईंनी हात वर केला. "योजना चालू ठेवावी, असं माझं मत आहे," त्या म्हणाल्या. मग त्यांच्या शेजारच्यांनी हात वर केला. मग, जरा रेंगाळत, मागच्यांनी. सभापती हात मोजत बसले. त्यांना ते अवघड जात होतं.

सुनेने त्यांची मोजणी संपायची वाट पाहिली नाही. ती मागच्या खुर्च्यांमधून वाट काढत पुढे आली, कुत्रीजवळ उकिडवी बसली, तिच्या पोटावरून हात फिरवला.

"हिची पिल्लं दूध पितात, हिला थोडी थांबवू," ती इस्त्रीवालीला म्हणाली. "बाकीच्या उद्या सकाळी आणा. रात्रीपासून खायला काही देऊ नका. आणि संस्थेच्या गाडीत बसवू नका, तुम्ही स्वतः घेऊन या."

मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, उद्या तुम्ही पण या. मी एकटी आहे."